मत दाखवायचं कुणाला?

११ जून २०२२ ची सकाळ. बोरगावात स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर एकच वाद. ‘तेहतीसवाला पडला आन् सत्तावीसवाला निवडून आला? ह्यो कुठला न्याय?’ मुंबईत मोजणी लांबून राज्यसभेचा निकाल पहाटे लागलेला. सहाव्या जागेला दोन्ही गडी कोल्हापूरचे : शिवसेनेचे संजय पवार, भाजपचे धनंजय महाडिक. आमचं गाव कर्नाटकात, पण ही कुस्ती घरच्याच तालमीतली.

मी कागदावर मांडून दाखवलं. वैध मतं २८४, जागा सहा. सहात एक मिळवून सातने भागायचं. साडेचाळीसच्या थोडं वर गेला तो निवडून आला. भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची ४८-४८, म्हणजे गरजेपेक्षा सात-साडेसात जास्त. ही शिल्लक त्याच मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे वळते. त्यासाठीच एका मताची किंमत शंभर धरतात. महाडिकांचे २७ असे चढले. पवारांच्या ३३ मध्येही मित्रपक्षांकडून थोडी भर पडली, पण पुरलं नाही. एक ऊसवाला म्हणाला, ‘म्हंजे पहिल्या उचलीवर न्हाई, दुसऱ्या हप्त्यावर निकाल!’ याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

गंमत अशी, की त्याच १० जूनला बंगळुरातही मतदान होतं आणि आमच्या निपाणीच्या आमदारांनाही मत होतं. कर्नाटकातून निर्मला सीतारामन, जग्गेश, लहरसिंग, जयराम रमेश गेले. गाड्यावर यातलं एकही नाव निघालं नाही. आमचा दोष धरू नका, राज्यसभेतला माणूस आपल्याच राज्याचा असेल असं आता राहिलेलं नाही. पूर्वी उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा लागे. मनमोहन सिंग यांनासुद्धा आसामातून जाताना गुवाहाटीचा पत्ता लावावा लागला. २००३ मध्ये ती अट गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बदल मान्य केला. आता देशात कुठेही मतदार असलं की भागतं. १९५६ पासून आम्ही सीमाभागातले ‘कुठल्या राज्याचे’ यावर लाठ्या खातोय, आणि राज्यांच्या सभेत बसणाऱ्याला तो प्रश्नच नाही!

त्याच दुरुस्तीने मतदान ‘उघडं’ झालं. उघडं म्हणजे, पेटीत टाकण्याआधी आमदाराने पत्रिका आपल्या पक्षाच्या एजंटाला दाखवायची. दुसऱ्या कुणाला दिसली तर बाद. मुंबईत आमदार सुहास कांदे यांचं मत अशाच आक्षेपावरून गेलं. घोडेबाजाराला लगाम म्हणून हे मला पटतं. पण ज्यांनी आमदार निवडला, त्यांच्यापासून त्याचं मत झाकलेलंच. कायद्यात एवढी एक ओळ घाला : निकालानंतर प्रत्येक आमदाराच्या पसंतीक्रमाचा कागद त्याच्या तालुक्याच्या कचेरीबाहेर लावायचा. पहिली पसंती कोण, दुसरी कोण, लोकांना वाचू द्या.

अर्थात त्यासाठी आधी मतदान व्हायला हवं. २०२० मध्ये आमच्याच बेळगाव जिल्ह्यातले इरण्णा कडाडी राज्यसभेवर गेले. बिनविरोध. तेव्हा एजंटालाही दाखवायला पत्रिका नव्हती.

— बोरगावकर