एकाच ट्रान्सफॉर्मरवरचा बाजार

२६ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी देशात ठिकठिकाणी यूपीआयचे व्यवहार अडकले. रमजानचे शेवटचे दिवस होते, ३१ मार्चला ईद झाली. इफ्तारनंतर ज्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तेथे असा खोळंबा म्हणजे काय हे दुकानदारालाच ठाऊक. गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम गेली, दुकानदाराकडे आली नाही. माल द्यायचा की पुन्हा कपाटात ठेवायचा? वर्षाची निम्मी कमाई ज्या आठवड्यावर असते, त्या आठवड्यात हा प्रश्न लहान नाही.

“सर्व्हर डाऊन आहे” एवढे म्हणून आपण गप्प बसतो. तो का बसतो, हे तिजारत करणाऱ्याने समजून घेतले पाहिजे. भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांना ते लवकर कळेल. शेडमधील चोवीस मागांपैकी एकाचा धोटा तुटला तर तेवीस चालू राहतात. काम वाढले तर एक अजस्र माग कोणी बनवीत नाही, आणखी माग लावले जातात. लाखो लोकांसाठीची संगणक-यंत्रणाही अशीच असते. काम अनेक संगणकांत वाटलेले, आणि हिशेबाच्या वहीची प्रत दोन-तीन ठिकाणी ठेवलेली. परंतु सारे माग एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील, तर तो जळताच शेड बंद! असा ट्रान्सफॉर्मर कुठे लपला आहे ते आधीच शोधणे, यातच यंत्रणा उभारणाऱ्याची कसोटी आहे.

आपण क्यूआर पुढे करतो तेव्हा निरोप गिऱ्हाइकाच्या अॅपमधून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जातो, तेथून रक्कम वजा करण्यासाठी त्याच्या बँकेकडे, मग जमा करण्यासाठी आपल्या बँकेकडे. एक दार जरी हळू उघडले तरी मागे रांग लागते. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सरासरी सेकंदाला सात हजारांवर. पण सरासरी धरून यंत्रणा बांधणे म्हणजे वलीम्याच्या दावतीला घरचे रोजचे पातेले चुलीवर ठेवणे होय. तयारी गर्दीच्या घटकेची हवी.

१२ एप्रिल २०२५ चा बिघाड तर अधिक बोलका आहे. त्या दिवशी काही बँकांच्या यंत्रणा “त्या व्यवहाराचे काय झाले?” असे पुन्हा पुन्हा विचारीत होत्या, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. उत्तराला उशीर झाला म्हणून आणखी विचारणा, आणि त्या विचारणेमुळे आणखी उशीर. पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा आल्या. एका अॅपवर दिवसाला शिल्लक ५० वेळाच पाहता येईल, आणि अडकलेल्या व्यवहाराची चौकशी किमान ९० सेकंदांच्या अंतराने फक्त तीनदा करता येईल. काहींना ही आडकाठी वाटली असेल. आमच्या मते ती योग्यच आहे.

मात्र एका गोष्टीत ढिलाई झाली आहे. यूपीआयच्या दर पाच व्यवहारांपैकी सुमारे चार फोनपे आणि गुगल पे या दोन अॅपवरून होत आले आहेत. कोणत्याही एका अॅपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नकोत, असे नोव्हेंबर २०२० मध्ये ठरले होते. मुदत वाढत गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती थेट २०२६ अखेरपर्यंत नेण्यात आली. यंत्रे वाटली, बाजार मात्र दोघांच्या हाती राहिला. हाच तो ट्रान्सफॉर्मर. तो बिघडला तर नुकसान हातगाडीवाल्याचे आणि छोट्या कारागिराचे आधी होते, कारण त्याच्याकडे दुसरे साधन नसते.

म्हणून व्यापारी बांधवांनी दोन बँकांत खाती व दोन वेगळी अॅप ठेवावीत. गिऱ्हाइकाने दाखविलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नये, आपल्या खात्यात जमा दिसली पाहिजे. अडकलेल्या व्यवहारावर लगेच “पुन्हा स्कॅन करा” असेही म्हणू नये. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो आणि एकाच क्रमांकाची रक्कम दोनदा वजा होऊ नये अशी सोय यंत्रणेत असते. नवा स्कॅन हा तिच्या दृष्टीने नवा सौदा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, दुकानात दिलेली रक्कम वजा होऊनही दुकानदाराला पावती पोहोचली नसेल तर ती पाच दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे, त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई. ही रक्कम गिऱ्हाइकाची अमानत आहे, त्याला हा नियम सांगावा आणि व्यवहार क्रमांक वहीत टिपून ठेवावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहेच.

आणि बँक निवडताना ओळखीच्या मॅनेजरच्या शब्दापेक्षा एक तक्ता पाहावा. कोणत्या मोठ्या बँकेचे किती व्यवहार तांत्रिक कारणाने फसले, याचे आकडे कॉर्पोरेशन आपल्या संकेतस्थळावर महिन्यागणिक देते.