बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं बसा

घरात बीपीचं मशीन आलं की पहिले आठ दिवस सगळ्यांचं बीपी मोजून होतं. मग एखाद्या दिवशी आकडा मोठा येतो आणि घर घाबरतं.

आमच्याकडे असंच झालं. आई भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढून आली आणि लगेच पट्टा बांधून बसली. वरचा आकडा 168. कुणाला न विचारता तिनं बीपीची आणखी एक गोळी घेतली. संध्याकाळी ओट्यापाशी तिला चक्कर आली. शेजारी भिंत होती म्हणून पडली नाही.

मशीन बरोबर होतं. मोजायची वेळ चुकली होती.

म्हणून मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. मग खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा, पायावर पाय नको.

पट्टा उघड्या दंडावर बांधा, स्वेटरवरून नको. बाही वर सरकवल्यावर दंडाला करकचत असेल तर हात बाहीतून काढा. दंड छातीच्या पातळीला येईल असा हात टेबलावर ठेवा. हात खाली लोंबत राहिला तर आकडा वाढतो. पट्टा तोकडा पडला तरी वाढतो. मशीन घ्यायला जाताना शिंप्याच्या टेपनं दंडाचा घेर मोजून न्या. मनगटाचं मशीन सोपं वाटतं, पण दंडाचंच घ्या.

मोजताना बोलू नका. पट्ट्यातली हवा कमी होत असताना मशीन रक्तवाहिनीची थरथर टिपत असतं. हाताची हालचाल झाली की त्याचा गोंधळ होतो. बोलण्यानं तर बीपीच वाढतं.

मिनिटभर थांबून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री जेवणाआधी, असं सात दिवस करा. काही जणांचं बीपी डॉक्टरांना पाहूनच चढतं. त्यांची तर ही वही डॉक्टरांनी बघायलाच हवी. घरच्या आकड्यांची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल तर भेटायला उशीर करू नका.

गोळीचं मात्र कळकळीनं सांगते. एका आकड्यावरून ती वाढवू नका. आणि आकडा चांगला आला म्हणून बंदही करू नका. बहुतेक वेळा तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. ती बंद केली की बीपी पुन्हा चढतं, आणि चढलेलं बीपी बहुधा काही जाणवू देत नाही. डोकं दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका.

आकडा 180/120 च्या वर गेला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर लगेच डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, हातातलं बळ गेलंय, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही असेल तर मोजत बसू नका. 108 ला फोन लावा.

पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना वहीबरोबर मशीनही पिशवीत घाला. डॉक्टरांच्या मशीनशी आकडा ताडून घ्या, आणि वर्षातून एकदा तरी हे करत जा.