कंपनी गेली, पॉलिसी कुठंय?

"कंपनी बंद पडली, मालक गेला, आता धरणार कुणाला?" जमिनीत केमिकल मुरलं की हे वाक्य ठरलेलं. मग साफसफाईचा खर्च सरकारवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर. मला हे वाक्यच मान्य नाही. माणूस गेल्यावरही एलआयसी पैसे देतेच ना? मग कारखान्याच्या विम्याला काय धाड भरली?

अमेरिकेत १९८० साली सुपरफंड कायदा आला आणि जुनी घाण काढायचा खर्च ती करणाऱ्यांच्या गळ्यात पडला. त्यांनी गोदामं उपसून १९५०-६० मधल्या लायबिलिटी पॉलिसी शोधल्या. लायबिलिटी म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. नुकसान पॉलिसी चालू असताना झालं ना? मग दावा तीस वर्षांनी का येईना! विमा कंपन्या कोर्टात भांडल्या, १९८६ च्या सुमारास नव्या पॉलिसींतून प्रदूषण सरळ वगळलं. पण जुन्या कागदावरची सही पुसता येते थोडीच? तिकडे अशा पॉलिसी हुडकून देणं हा चक्क धंदा झालाय.

आपल्याकडे तर शोधणं आणखी सोपं. १९७३ मध्ये जनरल इन्शुरन्स सरकारी झाला, १०७ कंपन्यांच्या चार झाल्या : न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. खासगी कंपन्या परत आल्या २००० मध्ये. म्हणजे मधल्या २७ वर्षांसाठी दारं फक्त चार!

कुणी म्हणेल, सरकारी कंपनी म्हणजे खिसा एकच. नाही हो. हप्ता कारखान्याने भरलाय, टॅक्स आपण भरतो. कुणी म्हणेल, आपल्या पॉलिसींत प्रदूषण नसेलच. काहींत नसेलही. पण ते कागद उघडून ठरवा ना! भोपाळनंतर १९९१ मध्ये सक्तीचा विमा आला, तो अपघातापुरता. मूळ कायद्यात मालमत्तेच्या नुकसानीला मदत किती? जास्तीत जास्त ६,००० रुपये. त्यात बोअरची मोटरही येत नाही. आणि खुद्द भोपाळचा ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला जाळला, तो सरकारच्या १२६ कोटींतून.

आमचं उमरगा पुणे-हैदराबाद हायवेवर. एमआयडीसी आहे, पेट्रोल पंप आहेत, गॅरेजेस आहेत. याच रस्त्याने पुढे हैदराबादजवळ पाटणचेरू लागतं. तिथल्या औषध कारखान्यांनी पाण्याचं काय केलं ते जगजाहीर आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअर हाच आधार, तो नासला तर प्यायचं काय?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढले. जबाबदार कोण ते शोधा, खर्च त्याच्याकडून घ्या. तो सापडला नाही किंवा ऐपत नसेल तर सरकार. माझं म्हणणं एवढंच, "ऐपत नाही" असा शेरा मारण्याआधी त्या चार दारांवर थाप मारा. आणि इथून पुढे एमआयडीसीच्या प्रत्येक प्लॉटच्या फायलीत पॉलिसी नंबर कायमचा राहू द्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्या लॉग फायली उगाच जपत नाही, बग कधी उगवेल सांगता येत नाही :-)

कारखान्याला कुलूप लागलं की पहिली रद्दी ऑफिसातली निघते. पॉलिसी त्यातच असते. रद्दीवाल्याच्या आधी पोचा.