डाग नको, उपचार हवा

बैलाच्या मूत्रेंद्रियाचे आवरण सुजले की तापल्या सळईने डाग देण्याची रूढी काही ठिकाणी आढळते. ती सर्वथा त्याज्य होय. डागाने रोग हटत नाही. उलट नव्या जखमेत किडे पडतात.

सूज बहुधा ओल्या, घाणेरड्या गोठ्यामुळे, काट्याच्या जखमेमुळे अथवा केसांत साचलेल्या मळामुळे येते. म्हणून गोठा कोरडा राखावा, आवरणाचे केस कातरावेत व तो भाग मिठाच्या कोमट पाण्याने धुवावा.

परंतु बैल कुंथत असेल व मूत्र थेंबथेंब येत असेल किंवा तुंबले असेल, तर मुतखड्याचा संशय धरावा. मूत्रमार्ग फुटल्यास मूत्र कातडीखाली पसरते व बैल दगावतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. ग्रामीण कार्यकर्त्यांनी हा भेद प्रत्येक शेतकऱ्यास समजावून देणे अगत्याचे आहे.