स्वमग्न मुलाची मराठी का थांबवायची?

अमेरिकेत नोकरीसाठी नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबातले मूल तिसरे वर्ष लागले तरी बोलत नाही. तपासणीत त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे कळते आणि पाठोपाठ सल्ला येतो, ‘आता घरात फक्त इंग्रजी बोला.’ हा सल्ला कधी शाळेतून येतो, कधी उपचार करणाऱ्यांकडून, तर कधी ओळखीच्यांकडून. एक भाषा जड जाते तिथे दोन कशा पेलणार, हा त्यामागचा विचार. तो पटकन पटतो, पण आजवरचे संशोधन त्याला दुजोरा देत नाही.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हॅम्बली आणि फोंबोन या संशोधकांनी ७५ स्वमग्न मुलांची पाहणी केली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन भाषा कानावर पडणारी मुले एकाच भाषेत वाढणाऱ्या मुलांपेक्षा बोलण्यात अधिक मागे पडलेली आढळली नाहीत. त्याच वर्षी कॅनडातच चिनी आणि इंग्रजी बोलणाऱ्या स्वमग्न मुलांच्या एका छोट्या अभ्यासातूनही असेच दिसले. अशा अभ्यासांत मुलांची संख्या कमी असते आणि अजिबात न बोलणाऱ्या मुलांविषयी माहिती अपुरी आहे, हे मान्य. तरीही घरची भाषा बंद करा, असे सांगण्याइतका पुरावा कुठेही नाही.

उलट ती बंद केल्याचे नुकसान रोज घडते. मूल ज्या वस्तूकडे बघते आहे तिच्याविषयी बोला, थोडे थांबा, त्याने काढलेल्या आवाजाला प्रतिसाद द्या, असे वाचा-उपचारतज्ज्ञ पालकांना शिकवतात. हे करायला सहज ओठांवर येणारी भाषा लागते. ऑफिसपुरती इंग्रजी येणाऱ्या आईबाबांचे मुलाशी बोलणे मग ‘कम’, ‘सिट’, ‘नो’ एवढ्यावर येते. लाड, लटका राग, बडबडगीते सारे आटते. आईबाबा एकमेकांशी मराठीत बोलतात आणि त्या गप्पांतून मूल तेवढे बाहेर राहते. व्हिडिओ कॉलवरची आजीही त्याच्याशी काय बोलावे ते न कळून गप्प होते. नव्या देशात आधीच नात्यातले कोणी जवळ नसताना हा तोटा लहान नाही.

याच्या नेमकी उलटी चूकही होते. ‘दोन भाषा आहेत म्हणून उशीर होतोय’ किंवा ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत तपासणी लांबते. नावाने हाक मारल्यावर न बघणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, आलेले शब्द नाहीसे होणे ही लक्षणे दोन भाषांमुळे उद्भवत नाहीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांच्या वयात प्रत्येक मुलाची स्वमग्नतेसाठी चाचणी करण्याची शिफारस करते. मूल तीन वर्षांचे होण्याआधी पालक स्वतः राज्याच्या ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ सेवेकडे मोफत तपासणी मागू शकतात. त्यानंतर ही जबाबदारी सरकारी शाळांच्या यंत्रणेवर येते.

विशेष म्हणजे तिथला विशेष शिक्षणाचा कायदाच घरच्या भाषेची दखल घेतो. शक्य असेल तिथे मुलाची तपासणी त्याच्या भाषेत करावी आणि शैक्षणिक आराखड्याच्या बैठकीत पालकांना गरज पडल्यास दुभाषा द्यावा, असे त्यात म्हटले आहे. नवखे पालक संकोचाने हे मागत नाहीत. ते मागावे. मुलाला मराठीतले कोणते शब्द कळतात याची यादीही बैठकीला न्यावी. ‘पाणी’ म्हणणारे मूल ‘वॉटर’ म्हणत नाही, म्हणून त्याला शब्दच येत नाही असे ठरू नये.

थेरपी इंग्रजीत चालली तरी हरकत नाही. या आठवड्यात काय शिकवले ते तज्ज्ञांना विचारावे आणि तोच सराव घरी मराठीत करावा. मूल स्वतःहून इंग्रजीत उत्तर देत असेल तर अडवू नये, आपण मराठीत बोलत राहावे. इंग्रजी त्याला लागणारच आहे, पण ती द्यायला शाळा आहे, थेरपी आहे, सारा शेजार आहे. मराठी त्याला घरातूनच मिळू शकते.