विल अलायमेंट

आमच्या हिंगोलीच्या बाहेर एका दुकानावर पाटी आहे : 'येथे कॉम्प्युटरवर विल अलायमेंट करून मिळेल.' बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला 'विल' म्हटलं की मृत्युपत्र आठवतं, आणि पाठोपाठ वारसांची भांडणं. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मी मनमुराद हसलो होतो. आता हसत नाही. पाटीवाल्याचं शुद्धलेखन बरोबर आहे, असं माझं अनुभवान्ती मत झालं आहे.

गाडी म्हणजे काकांची प्रीमियर पद्मिनी, 1984 सालची. माझ्याच वयाची, त्यामुळे आमचे सांधेही साधारण एकाच वेळी वाजू लागले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, वर्तमानपत्रांनी गहिवरून लिहिलं, आणि तो गहिवर थेट आमच्या गोठ्यापर्यंत येऊन पोचला. कडब्याखालून गाडी बाहेर निघाली. मग जीर्णोद्धार ! नवा रंग, क्रोमचा मुलामा, सोफ्यासारख्या सीटा, जुन्या आवाजाचा हॉर्न. आमच्याकडे गाडीचा जीर्णोद्धार देवळासारखाच होतो. आधी ऑइलपेंट, पाया मग बघू. पुढच्या चाकांखाली वाकून कुणीही पाहिलं नाही. तिथं फोटो चांगला येत नाही.

गाडी चालू लागली ती डावीकडे. मी विचारांनी मध्यममार्गी माणूस, पण गाडी ऐकेना. म्हणून त्या पाटीखाली गेलो.

आत एक पोरगा होता. त्यानं चाकांना चार पंजे लावले आणि पडद्यावर गाड्यांची यादी काढली. यादीत पद्मिनी नव्हती. त्यानं क्षणभरही न थांबता आजची एक छोटी गाडी निवडली. मी म्हटलं, "अरे, ही ती गाडी नाही." तो म्हणाला, "सेमच असतं काका. चाकं चारच."

हाच हिशेब लावला तर माझ्या खातेदारांना मी कुणाचंही पासबुक द्यायला हरकत नाही. पानं सारखीच असतात.

मग त्यानं खाली दोन नट फिरवले, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले, कागद छापून आला आणि मी पैसे मोजले. हिरवा रंग पाहिला की आपल्याला धन्य वाटतं. सिग्नलवर वाटत नाही तेवढं तिथं वाटतं.

आठव्या दिवशी औंढ्याला दर्शनाला निघालो. शेजारी सौ., मागं आई. वळणावर समोरून हळदीच्या पोत्यांची ट्रॉली आली. मी चक्र उजवीकडे वळवलं. गाडीनं थोडा विचार केला, मग एकदम वळली आणि नको तेवढी वळली. ट्रॉलीवाल्यानं वेळीच ट्रॅक्टर शेतात घातला म्हणून हा लेख मी लिहितो आहे. आई फक्त "नागनाथा" एवढंच म्हणाली. सौ. काहीच बोलली नाही, ते जास्त झालं.

तुम्ही म्हणाल, मशीन खोटं बोलत नाही. मान्य. दोऱ्यानं मोजणाऱ्या मिस्त्रीपेक्षा ते कितीतरी बारीक मोजतं, माझं भांडण त्याच्याशी नाहीच. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हांला शिकवलं होतं की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतो असं नाही. एका खात्याला नावे शंभर जास्त लागले आणि दुसऱ्या खात्याला जमा शंभर जास्त लागले, तर तेरीज नव्या जावयासारखी निमूट बसते. आमच्या बँकेत अशी जुळलेली तेरीज दाखवून कारकून सुटत नाही. ऑडिटर व्हाउचर मागतो. गॅरेजात मात्र हिरवा कागद हेच व्हाउचर, हाच ऑडिट आणि हीच पावती !

बरं, आकडे तरी कुणाचे? पद्मिनीचं इंजिन मागची चाकं फिरवतं. पुढची नुसती ढकलली जातात, आणि धावताना बाहेर फाकू पाहतात. म्हणून उभ्या गाडीची पुढची चाकं समोरून किंचित आत झुकलेली ठेवायची. आजची छोटी गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, तिची चाकं जोर लागला की उलट आत येऊ पाहतात. तिला हा झुकाव जवळजवळ नकोच. म्हणजे पोरानं माझ्या गाडीला दुसऱ्याच आजाऱ्याचा चष्मा लावला, आणि मी तो घालून ट्रॉलीकडे बघत होतो.

औंढ्याची कथा तुम्हांला ठाऊक आहे. नामदेवांना देवळामागं जाऊन कीर्तन करा म्हणाले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. दार पश्चिमेला झालं, नंदी मागं राहिला. त्या दिवशी बाहेर पडताना माझ्या मनात आलं, एवढं मोठं अलाइनमेंट आपल्या जिल्ह्यात बिनकॉम्प्युटरचं झालं आहे. पण नामदेव रोज सापडत नाहीत. मला आमचे गॅरेजवाले चाचा सापडले.

चाचांनी हिरवा कागद घेतला, उलटा करून पाहिला आणि त्यावर पाना ठेवला. गाडी जॅकवर चढवली, चाक वरून-खालून धरून हलवलं. कट्ट कट्ट ! माझ्या गुडघ्याचाच आवाज. "साब, किंगपिन का बुश गया. पयले हड्डी देखो, फिर चाल देखो." चाक असं डुलत असताना पडद्यावर दिसलेला हिरवा आकडा तेवढ्या घटकेपुरता खरा, गाडी खड्ड्यात उतरली की दुसराच.

हे हलवून बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढी न देता जो अलाइनमेंटचे पैसे घेतो त्याला मी कारागीर म्हणणार नाही, आणि जो न विचारता देतो, म्हणजे मी, त्याला गिऱ्हाईक म्हणवून घ्यायचा हक्क नाही. चाक हलवलं का? आकडे कुठल्या गाडीचे लावले? एवढे दोन प्रश्न विचारायला बी.कॉम. सुद्धा लागत नाही. सरकारनं 2021 साली पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी नियम केले, त्यांत अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि देखभालीला रस्त्यावर काढायची मुभा आहे. देखभाल ! माझ्या गाडीला पन्नाशी गाठायला अजून थोडी वर्षं आहेत, पण ती रॅलीत मिरवावी असं जिला वाटतं तिच्या मालकानं आधी तो शब्द वाचावा.

बुश यायला आठ दिवस लागले. मग चाचांनी हवा भरली, दोरा ताणला, खडूनं खुणा केल्या, मला आत बसवून चक्र सरळ धरायला लावलं आणि दोन नट आवळले.

परवा पुन्हा औंढ्याला जाऊन आलो. येताना चाचांकडे थांबलो आणि दबकत म्हटलं, "चाचा, अजून जराशी डावीकडे जाते."

"साब, रस्ता किनारे को उतरता है, पानी जाने के वास्ते. हर गाडी थोडी जाती." आणि विडी पेटवत म्हणाले, "उसका अलायमेंट पीडब्ल्यूडी में."