चुन्याआधी पाण्याचा नेम
टोमॅटोचे बूड काळे पडून सडू लागले की नवशिका बागकरी कॅल्शियमची बाटली शोधू लागतो. फळात कॅल्शियम कमी पडते हे खरेच; पण शिरूर-दौंडकडच्या काळ्या जमिनी बहुतांशी चुनखडीच्या, तिथे मातीत त्याचा तुटवडा क्वचितच असतो. मुळांकडून फळापर्यंत ते पाण्याबरोबरच चढते. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी वाफा तुंबवला की ही वाटच तुटते. त्यात युरियाचा हात सैल सुटला तर पाला माजतो आणि पाण्यासोबत आलेले कॅल्शियम आधी तोच ओढून घेतो. कुणी म्हणेल, कुंडीतल्या कोकोपीटमध्ये चुनखडी कुठली? मान्य, तिथे कॅल्शियम वरून द्यावे लागते. पण कुंडी जमिनीपेक्षा लवकर वाळते, म्हणजे पाण्याचा नेम तिथे अधिकच कडक हवा. उन्हाळ्यात तो जमायचा कसा? उपाय उसाच्या फडातच आहे. बुंध्यापासून चार बोटे सोडून पाचटाचा थर द्यावा, तो बाजूला सारून माती बोटभर खोल चाचपावी आणि ओल सरत आली की पाणी द्यावे. बिघडलेले फळ सुधारत नाही, ते तोडून टाकावे. बाटलीचा खर्च मात्र पुढचा तोडा पाहूनच करावा.